झोआ कोण खातंय? रीफ टँकच्या नोंदवहीतून

झोआ म्हणजे प्रवाळांच्या नात्यातले, फुलासारखे दिसणारे, वसाहत करून राहणारे छोटे प्राणी; त्यातला एकेक म्हणजे पॉलिप. टँक खाऱ्या पाण्याचा, प्रवाळांचा, सुमारे २४० लिटरचा, तीन वर्षं चालू. तापमान २५.५, घनता १.०२५, अल्कलिनिटी ८ डीकेएच, कॅल्शियम ४२०, मॅग्नेशियम १३२०. पाण्याचे हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर एकदाच लिहून ठेवतो. खालच्या सगळ्या काळात ते फारसे हलले नाहीत, त्यामुळे खापर पाण्यावर फोडायची सोय उरली नाही.

२ जून

टँकचे लाइट बंद झाल्यावर दीड तासाने लाल टॉर्च घेऊन बसलो. पुढच्या काचेवरचे तारामासे मोजले: ४३. दोन महिन्यांपूर्वी पाच-सहा दिसायचे. सगळे ॲस्टेरिना, म्हणजे टँकवाले ज्यांना सरसकट ॲस्टेरिना म्हणतात ते. त्यातले बरेचसे खरं तर ॲक्विलोनास्ट्रा या वंशातले असावेत. नखाएवढे, राखाडी-हिरवट, ओबडधोबड. लाइव्ह रॉकबरोबर, म्हणजे जीवजंतूंसकट येणाऱ्या खडकाबरोबर, आले आणि राहिले.

मोजायला बसलो ते मात्र त्यांच्यासाठी नाही. उजव्या खडकावरची नारिंगी झोआंची वसाहत आठवडाभर मिटलेली आहे. चाळीसेक पॉलिपांपैकी नऊ उघडे. आणि त्यांच्या मधोमध एक तारामासा ठाण मांडून बसलेला.

५ जून

एक काढून बशीत घेतला आणि भिंगाखाली पाहिला. सात हात: चार व्यवस्थित, तीन नुसते कोंब. म्हणजे हा नुकताच अर्धा झालेला. यांची वाढ अशीच होते. मधली चकती चिरून दोन तुकडे होतात, प्रत्येक अर्धा चालता होतो आणि उरलेले हात नव्याने उगवतात. नर-मादी, अंडी, पिल्लं यांची वाट पाहायची गरजच नाही. काचेवरच्या चाळिसांतले निदान पंधरा तरी असे लहान-मोठ्या हातांचे आहेत. नुसत्या नजरेने हे कळत नाही, ओबडधोबड दिसतात एवढंच वाटतं.

बशीत उलटा टाकला तर सरळ व्हायला त्याला पावणेचार मिनिटं लागली. एका हाताचं टोक वळलं, तिथले नलिकापाद, म्हणजे पायांचं काम करणाऱ्या बारीक नळ्या, चिकटले, मग बाकीचं अंग हळूहळू मागून आलं. लेक शेजारी उभी राहून घड्याळ बघत होती. तिच्या मते हे स्पर्धेच्या लायकीचं नाही.

९ जून

उगाच आरोप नको म्हणून चाचणी लावली. टँकच्या आतच लटकवलेल्या दोन जाळीच्या डब्या. पहिलीत आजारी वसाहतीच्या कडेचा एक तुकडा, पाच पॉलिप, सोबत चार तारामासे. दुसरीत डाव्या खडकावरच्या वसाहतीतला तुकडा, पाच पॉलिप, तारामासे नाहीत. पाणी तेच, लाइट तोच.

१३ जून

दुसरी डबी: पाचही उघडे. पहिली: दोन मिटलेले, एक पांढुरका पडून मऊ झालेला. परवा रात्री त्याच पॉलिपवर मोठा तारामासा बसलेला मी स्वतः पाहिला. हे तारामासे आपलं जठर तोंडातून बाहेर काढून भक्ष्यावर पसरतात आणि बाहेरच पचवतात, त्यामुळे “बसलाय” आणि “खातोय” यांत वरून फरक दिसत नाही.

माझ्या दृष्टीने निकाल लागला.

१६ जून

आठवडाभर रोज रात्री चिमट्याने काढतोय. ३१, २७, ३४, १९, २६, २२, ३०. एकूण १८९. काचेवर आज किती? ४६. काचेवर येतो तो फक्त फेरफटका मारायला आलेला हिस्सा. बाकीचे खडकाच्या पोटात, संपमध्ये (टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत), तिकडे पाणी सांडतं त्या ओव्हरफ्लोच्या दातांमागे. शिवाय चिमट्याने ओढताना काही तुटतात. चकतीचा भाग असलेला तुकडा आत राहिला तर मीच त्यांची संख्या वाढवतोय.

काढलेले गोड्या पाण्यात टाकतो. फार वेळ लागत नाही.

२१ जून

औषध नको. तारामाशाला मारेल आणि गोगलगाय, खेकडा, कोळंबी यांना सोडेल असं पाण्यात टाकण्याजोगं काही माझ्या माहितीत नाही. उरतो त्यांना खाणारा प्राणी.

ट्रायटन शंख, कॅरोनिया ट्रायटोनिस, हा तारामाशांचा खरा कर्दनकाळ. समुद्रात तो काटेरी मुकुटवाल्या तारामाशाला, अकँथास्टरला, खातो आणि म्हणूनच ऑस्ट्रेलियात त्याच्यावर संशोधन चालू आहे. पण त्याचा शंख अर्धा मीटरच्या घरात जातो. माझ्या टँकची रुंदी पंचेचाळीस सेंटिमीटर. विषय संपला.

बंबलबी श्रिंप, नॅथोफिलम. अडीच सेंटिमीटरची, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची. तारामाशांचे नलिकापाद कुरतडते, पण जीव एवढासा की शंभरांवर पुरी पडणार नाही.

म्हणजे हार्लेक्विन कोळंबी, हायमेनोसेरा पिक्टा. जास्तीत जास्त पाचेक सेंटिमीटरची, पांढऱ्या अंगावर मोठे ठिपके, पुढचे नांगे पाकळ्यांसारखे रुंद आणि चपटे. तारामासे हेच तिचं अन्न. पेलेट, फ्रोझन मायसिस, शैवाल यांकडे ती बघतही नाही. माझी अडचण मिटवणारा गुण तोच आणि पुढे मला अडचणीत आणणारा गुणही तोच. हे आजच लिहून ठेवतो, म्हणजे नंतर “माहीत नव्हतं” म्हणता येणार नाही.

जुन्या जाणत्या मित्राला फोन केला. तो म्हणाला, “अरे, आणायच्या आधी तारामासे संपल्यावर ती काय खाणार ते ठरव. लोक कोळंबी आणतात, तारामासे संपतात, दोन महिन्यांनी कोळंबी उपाशी मरते आणि सगळे म्हणतात नाजूक जात आहे.”

२३ जून

एक की जोडी? ही माणसं जोडीने राहतात. माणसंच म्हणावंसं वाटतं, कारण वोल्फगांग विकलर आणि उटा झाइप्ट यांनी १९७०च्या दशकात दाखवलं की या कोळंब्या आपला जोडीदार दुसऱ्यांतून ओळखून काढतात. जोडीने शिकार करताना बघायला सुंदर. पण दोन पोटं. मी एकच आणणार.

२४ ते २९ जून

हॉकफिशचं काय करायचं हा खरा प्रश्न होता. फ्लेम हॉकफिश, तीन वर्षांचा, टँक सुरू झाल्यावर दुसऱ्या महिन्यात आलेला. पोसिलोपोरा या प्रवाळाच्या फांदीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे डोळे फिरवतो. पाच सेंटिमीटरच्या, कासवाच्या गतीने चालणाऱ्या कोळंबीला तो एका दुपारीत निकालात काढेल.

जाळीने पकडायचा प्रयत्न: खडक हलला, एक माँटिपोरा, तेही प्रवाळच, मोडली, मासा सापडला नाही. मग प्लास्टिकच्या बाटलीचं तोंड कापून उलटं बसवलं, आत क्रिल. पहिल्या दिवशी क्लाउनफिश अडकला. दुसऱ्या दिवशी तोच क्लाउनफिश. पाचव्या दिवशी सकाळी हॉकफिश आत, आणि चेहरा असा की बाटलीही त्याचीच.

मित्राच्या टँकमध्ये गेला. त्या फांदीकडे अजून नजर जाते.

६ जुलै

हार्लेक्विन आली. पिशवीतलं पाणी १.०२१, माझं १.०२५. तारामाशांसारखे कंटकचर्मी आणि कोळंब्या दोघांनाही क्षारतेचा धक्का सोसत नाही, म्हणून थेंब-थेंब पाणी सोडत दोन तास दहा मिनिटं घालवली. तांब्याचा अंश असलेलं औषध (कोळंब्यांना ते सोसत नाही) या टँकमध्ये कधी पडलेलं नाही, हेही पुन्हा एकदा जुन्या पानांवरून तपासलं.

मादी आहे. पोटाखालच्या बाजूच्या पट्ट्यांवर रंगीत ठिपके दिसतात. ठिपके जांभळट-गुलाबी, कडा गडद, म्हणजे पॅसिफिककडच्या रूपाची. हिंदी महासागरातल्या तपकिरी आणि निळ्या कडांच्या रूपाला काही जण वेगळी जात मानतात, एलिगन्स.

सोडल्यावर ती खडकाच्या उजव्या कपारीत गेली. काचेवरचे तारामासे आज: ५१.

७ जुलै

दिसली नाही.

९ जुलै

रात्री ११.२०. दिसली, आणि बरोबर वेळेवर.

कपारीच्या तोंडाशी एक तारामासा होता, दहाएक मिलिमीटरचा. तिने आधी पुढच्या बारीक मिशांनी हवेत, म्हणजे पाण्यात, वास घेतल्यासारखं केलं. त्या पानासारख्या चपट्या मिशा सतत थरथरत असतात. मग एक पाऊल, थांबा, एक पाऊल. पोचल्यावर घाई नाही. रुंद नांगे ढालीसारखे पुढे धरले, लहान पायांच्या चिमट्यांनी तारामाशाची कड उचलायला लागली. तो खडकाला घट्ट. तिने एका हाताचं टोक सोडवलं, मग शेजारचं, मग सगळा उलटा केला, जशी आपण तव्यावरची घावन उलटतो. पाठीवर पडलेल्या तारामाशाचे नलिकापाद हवेत चाचपडत होते. ती त्याला ओढत कपारीत घेऊन गेली आणि हाताच्या टोकाकडून खायला बसली. टोकाकडून सुरू केल्याने मधली चकती शेवटपर्यंत जिवंत राहते. अन्न ताजं ठेवायची पद्धत.

लेक म्हणाली, “बाबा, हे वाईट आहे.” हो, आहे.

१५ जुलै

काचेवर ३४. कपारीच्या बाहेर पांढऱ्या कणांचा लहानसा ढीग, तारामाशांच्या सांगाड्याचा चुरा. झोआ: उघडे ११.

वाचताना एक गोष्ट सापडली ती इथे टाकतो. पीटर ग्लिन या प्रवाळ-शास्त्रज्ञाने पनामाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर हीच कोळंबी अकँथास्टरवर हल्ला करताना नोंदवली. कोळंबी त्या काटेरी राक्षसाच्या अंगाला भोक पाडते आणि त्या जखमेतून फेरेकार्डिया नावाचा एक केसाळ सागरी अळीसारखा प्राणी आत शिरून आतून खातो. म्हणजे मी टँकमध्ये करतोय ते समुद्रात आधीपासून चालू आहे, फक्त तिथे कोणी मोजून आणून सोडलेलं नाही.

१९ जुलै

सकाळी आठला वाळूवर ती पडलेली. आडवी, पारदर्शक, हलत नव्हती. लेक ओरडली, “बाबा, मेली!” चिमट्याने उचलली तर वजनच नाही. पोकळ. नांग्यांच्या पाकळ्या, मिशा, पायांची नखंसुद्धा जागच्या जागी, आत कोणी नाही. कात टाकली होती. खरी बाई कपारीत आत दडून बसलेली, नवीन कवच कडक होईपर्यंत दोन दिवस बाहेर येणार नाही.

हॉकफिश असता तर या दोन दिवसांतच संपवली असती.

२७ जुलै

काचेवर १७. संपमध्ये मात्र पूर्वीइतकेच, कारण ती तिथे जात नाही. संपमधले मी हाताने काढतो, आणि आता काढलेले फेकत नाही. एका डबीत ठेवतो. साठा.

खडकाच्या मागच्या बाजूला कोरलाइनवर, म्हणजे गुलाबी कडक शैवालावर, जे पांढरे गोल डाग पडत होते, ते नवीन दिसत नाहीत. जुन्या डागांवर गुलाबी रंग परत चढतोय. तारामासे तिथे कोरलाइन खात होते याबद्दल मला शंका नाही.

८ ऑगस्ट

काचेवर ६.

झोआ उघडे: ८. आठ! जूनमध्ये नऊ होते. तारामासे सातपटीने कमी झाले आणि झोआ एकाने.

१० ऑगस्ट, पहाटे २.१०

झोप येत नव्हती म्हणून बसलो, नेहमीच्या साडेदहाला नव्हे. नारिंगी झोआंच्या मुळाशी, दोन पॉलिपांच्या मधल्या खाचेत, एक चपटं बटण. हललं. टॉर्च जवळ नेला तर शंख, एक सेंटिमीटरचा, चपटा गोल जिन्यासारखा, काळ्या-पांढऱ्या चौकटींची नक्षी. सनडायल गोगलगाय, हेलियाकस. झोआच खाते. दिवसा त्यांच्याच मुळात दडते आणि पॉलिपांच्या रंगात हरवते.

चिमट्याने काढली. अर्ध्या तासात दुसरी सापडली.

मग एक वाईट शंका आली आणि तसाच उठलो. जूनमधल्या चाचणीचा पहिला तुकडा अजून फ्रॅग रॅकवर, म्हणजे तुकडे ठेवायच्या मांडणीवर, होता. उलटा केला. खाली, तुकडा चिकटवलेल्या प्लगच्या कडेला, तिसरी. लहान, चार मिलिमीटर.

म्हणजे ९ जूनला मी आजारी वसाहतीतला तुकडा चार तारामाशांसोबत डबीत टाकला, तेव्हा बहुधा गुन्हेगारही त्याच डबीत टाकला. आणि तुलनेसाठी घेतलेला तुकडा दुसऱ्या खडकावरचा, निरोगी. चाचणी लावायची तर दोन्ही तुकडे एकाच वसाहतीतले हवेत, दोन्ही खालून तपासलेले हवेत, आणि तारामासे असलेल्या-नसलेल्या डब्या निदान तीन-तीन हव्यात. हे मला ९ जूनलाही माहीत होतं. घाई होती.

११ ऑगस्ट

मित्राला सांगितलं. तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, “पांढरा पडलेल्या पॉलिपवर तारामासा बसला म्हणजे त्याने मारला असं नाही. मेलेलं खायला तो येणारच.” मग थोडं थांबून: “पण काही तारामासे झोआ खातातही हं. तुझे कुठले ते तू आता कधी सांगू शकणार नाहीस, पुरावा कोळंबीने खाल्लाय.”

१४, १८, २१ ऑगस्ट

रोज पहाटेचा अलार्म. आणखी दोन सनडायल. वसाहतीचा खडक बाहेर काढून टँकच्याच पाण्याने भरलेल्या भांड्यात जोरात हलवला, दातांच्या मऊ ब्रशने मुळं साफ केली. जेलीसारखे अंड्यांचे बारीक पुंजके दोन ठिकाणी, ते खरवडले.

२३ ऑगस्ट

काचेवर ०. तीन रात्री सलग.

आता तिचं जेवण. डबीतला साठा तेवीस तारामासे, म्हणजे फार तर दोन आठवडे. त्यानंतरची सोय म्हणून चॉकलेट चिप तारामासा आणला, प्रोटोरिॲस्टर नोडोसस, बारा सेंटिमीटरचा, पाठीवर काळपट टोकदार उंचवटे. प्रवाळ खातो, त्यामुळे टँकमध्ये सोडायचा नाही. संपमध्ये.

६ सप्टेंबर (पुढची भर नंतरची)

डबी रिकामी. चॉकलेट चिपचा पहिला हात कापला.

कसं केलं ते लिहितो, कारण कोणी स्पष्ट लिहीत नाही. धारदार ब्लेड, एका हाताचा पुढचा अर्धा भाग, चकतीपासून लांब, एका झटक्यात. तारामासा दचकत वगैरे नाही, उरलेले हात हळू आवळतो आणि तासाभरात पुन्हा चालायला लागतो. जखमेची कड दुसऱ्या दिवशी बंद झालेली दिसली. पण कापताना कवच करकरतं, तो आवाज मला आवडला नाही. तीन-तीनदा कापण्यापेक्षा एकदाच कापून तुकडे फ्रीझरमध्ये ठेवणं बरं. फ्रोझन तुकडाही तिने घेतला.

दर दहा दिवसांनी एक तुकडा पुरतो. दोन दिवसांनी उरलेलं उचलायचं, नाहीतर पाणी नासतं. एकदा तीन दिवस विसरलो तर नायट्रेट ५ वरून १२.

१४ सप्टेंबर

नारिंगी झोआ: २६ उघडे.

काचेवर मात्र हिरवट-तपकिरी थर लवकर येतो. पूर्वी पाच दिवसांनी काच घासायचो, आता तिसऱ्या दिवशी. रात्रपाळीचे सफाई कामगार मी काढून टाकलेत.

४ ऑक्टोबर

ओळखीतल्या एका टँकवाल्याकडे ॲस्टेरिनांचा सुकाळ आहे. त्यांना विचारलं, “हार्लेक्विन तुमच्याकडे पाठवू का?” ते म्हणाले, “आजच पाठवा.” मी त्यांना दोन अटी घातल्या: आधी पहाटे दोनला टॉर्च घेऊन झोआंची मुळं बघा, आणि तारामासे संपले की पुढचं घर आधीच शोधून ठेवा. पहिल्या अटीला ते जरा थांबले, मग हो म्हणाले.

पकडायला बाटलीची गरज पडली नाही. कपारीसमोर वाटीत तारामाशाच्या हाताचा तुकडा ठेवला. ती चाळीस मिनिटांनी वाटीत चढली आणि खायला बसली. वाटी उचलली, ती खातच होती.

१९ ऑक्टोबर

त्यांचा निरोप: “जेवतेय. सनडायल एकही नाही, चारदा पाहिलं.”

२ नोव्हेंबर

नारिंगी झोआ: ३९ उघडे, शिवाय कडेला नवीन सात. काचेवर दोन ॲस्टेरिना, त्यातल्या एकाला दोन हात मोठे, तीन कोंब. काढले नाहीत. आता काच पुन्हा चार दिवस पुरते.

हॉकफिशला परत आणायचं ठरलंय, मित्र अजून कुरकुरतोय.

चॉकलेट चिप संपमध्येच आहे. कापलेल्या हाताच्या टोकाला फिकट रंगाचा, वाटाण्याएवढा नवा कोंब आलाय. आता तो कोणासाठी कापायचा नाही. लेक दर सोमवारी त्याच्यासमोर शिंपल्याचा तुकडा ठेवते आणि तो वर चढून बसेपर्यंत घड्याळ लावते. आज सात मिनिटं.